वाचनाचा ओटा

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, देश संपून कोकणाचा उतार जिथे सुरू होतो तिथे, नाणेघाटाच्या माथ्याशी एक लेणे आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या काळातील ब्राह्मी लेख त्याच्या भिंतींवर कोरलेला आहे. कोणते यज्ञ झाले, किती गाई दिल्या, किती कार्षापण दक्षिणा म्हणून वाटले, ह्याचा तो हिशेब असून भारतातील अतिप्राचीन अंकचिन्हांपैकी काही त्यात आढळतात. घाटाची वाट पुढेही वाहती राहिली. पण ब्राह्मी वाचण्याची विद्या लोप पावली आणि त्या भिंतीवरचे लिहिलेले वाचू शकणारा कोणी उरला नाही. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तेव्हा कुठे तिला पुन्हा वाचा फुटण्याची सोय झाली. मधल्या शतकांत अक्षरे तिथेच होती. उणीव होती ती वाचकाची.

ह्याच डोंगररांगांच्या पूर्वेला, पुणे-नाशिक मार्गावर राजगुरुनगर सोडून मंचरकडे जाताना, अवसरीच्या घाटाअलीकडे पेठ हे आंबेगाव तालुक्यातील गाव लागते. सातगाव पठारावरील हे गाव पावसाळी बटाट्यासाठी ओळखले जाते. अशा गावातील मूल आज शाळेच्या पटावर असते, त्याला पुस्तके मिळतात, दुपारचे जेवणही मिळते. तरीही चौथी-पाचवीत पोचलेल्या मुलापुढे एखादा साधा, न पाहिलेला परिच्छेद ठेवावा, तर पुष्कळदा ते अडखळते आणि थांबते. त्याच्यासाठी पुस्तकाचे पान ही नाणेघाटाची भिंतच असते. पटावर नाव असणे आणि वाचता येणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या समाजाला फार उशिरा उमगले. शाळेच्या भिंतींबाहेर, वस्तीच्या ओट्यावर मुलांना वाचते करण्याचा जो प्रयत्न महाराष्ट्रात वेळोवेळी झाला, त्याचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. तो आपल्या धर्मग्रामांच्या इतिहासापासून वेगळा नाही.

मराठी वाचनाची अडचण प्रथम कोणाला जाणवली असेल, तर ती छपाई करू पाहणाऱ्यांना. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लिश येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यास आले आणि साष्टीत त्यांनी सुमारे ४० वर्षे सेवा केली. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. ओव्या मराठी, पण छपाई रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळेच उपलब्ध नव्हते. १६०८ मध्ये त्यांनी रोममधील आपल्या संघप्रमुखांना पत्र लिहून ह्या लिपीचे खिळे पाडण्याची अनुमती मागितली होती. ही अक्षरे युरोपीय वर्णांसारखी सुटी नसून उच्चारखंडांची आहेत, त्यामुळे साचे ६०० च्या घरात जातात, मात्र युक्तीने ते २०० वर आणता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते खिळे काही त्यांच्या हयातीत पडले नाहीत.

हा तपशील आम्ही मुद्दाम देत आहोत. जी अडचण मुद्रकाची, तीच बालकाची. मराठी मुलाला ३४ व्यंजने शिकून भागत नाही. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी धरली तर चारशेहून अधिक रूपे होतात; त्यावर रफार आणि जोडाक्षरे निराळीच. मोठ्या माणसाला ही व्यवस्था सुटसुटीत वाटते, कारण तिच्यामागचा नियम त्याला ठाऊक असतो. मुलाच्या दृष्टीने मात्र तो शेकडो साच्यांचा पेटारा असतो. तो पेटारा कोणीतरी जवळ बसून, एकेक खण उघडून दाखवावा लागतो. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात फळ्यावरून हे काम होणे कठीण, आणि ज्या घरात पुस्तकच नाही तिथे ते कोणी करीलही कसे?

स्टीफन्सनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत असे सांगितले आहे, की शुद्ध मराठी सर्वांना समजत नाही म्हणून त्यांनी तीत लोकांच्या बोलीतील शब्द मिसळले. वाचणाऱ्याच्या पायरीवर उतरून लिहावे, हे तत्त्व त्यांनी चारशे वर्षांपूर्वी अंगीकारले. तथापि त्या काळी वाचणारा एक आणि ऐकणारे अनेक असत. पुराण गायले जाई, लोक ऐकत आणि ऐकून ओव्या मुखोद्गत करीत. मुलांसाठी स्टीफन्सनीच तयार केलेली प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापली गेली. ते कोंकणीतील पहिले छापील पुस्तक होय. तीही गुरूने विचारावी व शिष्याने पाठ म्हणून दाखवावी अशाच रीतीची.

पाठांतराचा हा वारसा मोठा आहे. छापील पुस्तके हाती नसतानाही अनेक घराण्यांत श्रद्धा टिकली, ती जपमाळेच्या आणि प्रार्थनांच्या पाठांतरावर. पण ह्याच वारशाची एक सावली आहे. प्रभूची प्रार्थना पुस्तकात बोट ठेवून घडाघडा म्हणणारे मूल वाचत आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात बोट एका ओळीवर आणि ओठ दुसऱ्याच ओळीवर असतात. शाळेतही तेच घडते. धड्याची पहिली चार वाक्ये वर्गात इतक्यांदा म्हटली जातात, की ती डोळे मिटूनही म्हणता यावीत. मुखोद्गत मजकुराने वाचनाची परीक्षा होत नाही, ही गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकवणाऱ्या आपल्या ताई-दादांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

एकोणिसाव्या शतकात छापखाना गावोगावी पोचू लागला, पण ओटा सर्वांना खुला नव्हता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलास तो नाकारण्यात आला, आणि ह्या प्रकरणाचा खल थेट इंग्लंडपर्यंत गेला. जिथे प्रवेश मिळे तिथेही अशा मुलांना वर्गाबाहेर वेगळे बसावे लागे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली आणि १८५५ मध्ये शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा चालवली. दिवसाचा वेळ ज्याच्या मालकीचा नाही त्याला रात्री शिकवावे, जो शाळेत येऊ शकत नाही त्याच्या वस्तीत शाळा न्यावी, हा विचार महाराष्ट्राच्या मातीत तेव्हापासून रुजलेला आहे.

नगर जिल्ह्यातील खेड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येशूसंघीय धर्मगुरूंनी जे कार्य केले, त्याचा कणा गावचा ‘मास्तर’ हा होता. केंदळ, वळण, संगमनेर, राहाता ह्या केंद्रांभोवतीच्या वाड्यांत तोच मुलांना मुळाक्षरे शिकवी आणि तोच सायंप्रार्थना सांगे. धर्मगुरू फिरतीवर असत. वस्तीत कायम राहणारा मास्तरच होता. १९०३ मध्ये फादर हेन्री डोरिंग यांनी केंदळ येथून ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. ज्या समाजाला कालपर्यंत अक्षराच्या ओट्यावर चढू दिले जात नव्हते, त्याच्या घरी त्याच्याच भाषेतील मासिक यावे, हे त्या काळी लहान कार्य नव्हते. मासिक निघाले म्हणजे ते वाचणारा कोणीतरी वस्तीत असला पाहिजे, आणि वाचणारा असला म्हणजे त्याला पुढे वाचायला काहीतरी मिळाले पाहिजे. शाळा आणि मासिक ही एकमेकांच्या आधाराने उभी राहिली. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना ह्या देशातील कार्य सोडावे लागले. तरीही वस्तीतील हे कार्य खंडित झाले नाही, ह्याचे श्रेय मास्तरांकडे पुष्कळ जाते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लोकभाषेतील ख्रिस्तयागाचा मार्ग मोकळा झाला. त्याचा आपल्या विषयाशी असलेला संबंध सहसा कोणी सांगत नाही. लॅटिनमधील मिस्सा असेपर्यंत प्रापंचिकाने ऐकावे आणि उत्तर द्यावे एवढेच अपेक्षित होते. मराठी मिस्सा आली तेव्हा पहिले वाचन, प्रतिसाद स्तोत्र आणि विश्वासूंच्या प्रार्थना वाचण्यासाठी सामान्य स्त्री-पुरुष, मुले-मुली वेदीजवळ येऊ लागली. वाचता येणे हा उपासनेचाच भाग झाला. यशयाचा एखादा उतारा लोकांपुढे वाचणाऱ्या मुलीला जोडाक्षरांपाशी अडखळून चालत नाही. तिच्या तोंडून सारा धर्मग्राम ते वचन ऐकत असतो.

स्वातंत्र्यानंतर शिक्षण सक्तीचे करणारे कायदे झाले, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि शाळा वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचल्या. पण ओटा बांधला म्हणजे मूल त्यावर चढतेच असे नाही, हे ज्यांनी प्रथम ओळखले त्यांत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे अग्रभागी आहेत. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द ह्या अनुभवातून आलेला आहे.

फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी केलेले कार्य आपल्या विषयाच्या आणखी निकटचे आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या ह्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या बोलीवर संशोधन केले, १९७८ मध्ये भारताचे नागरिकत्व स्वीकारले आणि तिथल्या दलित वस्तीतील मुलांसाठी वाचन-लेखनाचे वर्ग चालवले. त्यातून पुढे प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. त्यांच्या पद्धतीचे मर्म सोपे आहे. अ पासून ज्ञ पर्यंतची रांग संपेपर्यंत मुलाला तिष्ठत ठेवायचे नाही. मोजकी अक्षरे आणि एखाद-दुसरी स्वरचिन्हे देऊन त्यांतून लगेच अर्थाचे शब्द आणि वाक्ये वाचायला द्यायची. स्टीफन्सना सहाशे साच्यांचे दोनशे करावेसे वाटले होते. इथे त्यांहूनही थोडक्यात आरंभ होतो. पहिल्याच आठवड्यात स्वतःचे किंवा आईचे नाव वाचता आलेले मूल दुसऱ्या आठवड्यात आपण होऊन येते.

मुंबईत १९९५ च्या सुमारास माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांच्या पुढाकाराने ‘प्रथम’ ही संस्था कार्य करू लागली. तिने इमारती बांधल्या नाहीत. देवळाचा मंडप, समाजमंदिर, कोणाच्या घराची पडवी, जिथे जागा मिळेल तिथे बालवाडी भरवली. अभ्यासात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी वस्तीतीलच शिकलेली तरुणी ‘बालसखी’ म्हणून नेमली जाई. ती पंधरा-वीस मुलांना घेऊन दररोज सुमारे दोन तास बसे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोदे येथे २००१ ते २००३ ह्या काळात ह्या उपक्रमाची शास्त्रशुद्ध पाहणी केली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत मागे असलेल्या मुलांना तिचा लाभ सर्वाधिक झाला. बॅनर्जी व डुफ्लो हे २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मायकेल क्रेमर यांच्यासह मानकरी ठरले. ह्या कामाची किमया मोठ्या पदवीत नव्हती. मूल जिथे आहे तिथून आरंभ करण्यात होती.

‘प्रथम’ने २००५ पासून ‘असर’ ह्या नावाने ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी सुरू केली. तिची कसोटी कोणाही पालकाला करता येईल इतकी साधी आहे: मूल अक्षर ओळखते का, शब्द वाचते का, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद वाचते का, दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचते का. देशातील ग्रामीण भागात पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. करोनाच्या शाळाबंदीनंतर २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर उतरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत पुन्हा चढले. पाचवीतील जवळपास निम्मी मुले दुसरीची गोष्ट वाचू शकत नाहीत, असा ह्याचा अर्थ.

ह्या इतिहासात एक सावधगिरीचा धडाही आहे. उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावच्या स्वयंसेवकांनी वाचनवर्ग भरवले. जी मुले नियमाने आली ती वाचू लागली. परंतु वर्गांना एकूण मुलांपैकी जेमतेम ८ टक्केच मुले आली. वर्ग उघडणे हे अर्धेच काम आहे. घरोघर जाऊन हाक मारणे, न आलेल्या मुलाची दुसऱ्या दिवशी विचारपूस करणे, हे उरलेले अर्धे. नव्याण्णव मेंढरे कळपात असली तरी न आलेल्याचा शोध घ्यावयाचा, हे आपल्याला कोणी नव्याने शिकवावे लागू नये.

आता पुन्हा जुन्नर-आंबेगावकडे वळू. ह्या दोन तालुक्यांत वाचनकेंद्र चालवायचे म्हटले तर भूगोलच काही अटी घालतो. पश्चिमेला डिंभे धरणाच्या जलाशयाभोवती महादेव कोळी समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. एका वाडीतून दुसरीकडे जाणे म्हणजे डोंगर उतरून चढणे. पूर्वेला उसाचा बागायती पट्टा. तिथे भीमाशंकर आणि विघ्नहर कारखान्यांच्या हंगामात बीड व अहिल्यानगरकडून (पूर्वीचे अहमदनगर) येणारी ऊसतोड कुटुंबे चार-पाच महिने पालांत राहतात. त्यांच्या मुलांसाठी राज्यात १९९० च्या दशकात साखरशाळांचा प्रयोग झाला. शिक्षणहक्क कायदा २०१० मध्ये अंमलात आल्यावर अशा मुलांना जवळच्या नियमित शाळेत घालण्याचे धोरण आले. परंतु गाव बदलले की मुलाचे वाचन जिथे तुटते तिथेच राहते. आणि ह्याच उसात बिबट्याने घर केले आहे. अंधार पडल्यावर मुलाला अर्धा मैल चालत पाठवायला कोणती आई धजेल? म्हणून ह्या भागातील केंद्र वस्तीतच हवे, दिवेलागणीपूर्वी सुटणारे हवे, आणि बटाटाकाढणीच्या वा ऊसतोडीच्या दिवसांत वेळ बदलू शकणारे हवे. त्यासाठी चर्चचे सभागृह असलेच पाहिजे असे नाही. समाजमंदिर, अंगणवाडीची रिकामी खोली, देवळाचा सभामंडप, एखाद्या घराचा ओटा, ह्यांपैकी काहीही पुरते.

जिथे आपली सभागृहे आहेत, तिथे मात्र आमचा एक प्रश्न आहे. लग्नाचा, नाताळचा आणि सणांचा काळ सोडला तर आठवड्यातील किती दिवस ती बंद असतात? पंधरा मुले, एक बारावी झालेली ताई, दररोज एक तास, अक्षरज्ञानानुसार केलेले गट आणि न पाठ झालेला मजकूर, एवढ्यावर केंद्र चालू शकते. मजकूर महागड्या संचांतूनच यावा असे नाही. आजीने सांगितलेली गोष्ट ताईने मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवावी आणि मुलांनी ती वाचावी. आपल्या बोलीतील सरी, वाफा, पोते, पाल हे शब्द छापल्यासारखे समोर आले की मुलाला वाचनाचा अर्थ कळतो. आपल्या आणि शेजारच्या मुलांत भेद न करता सर्वांसाठी ते खुले असावे, हे सांगायलाच नको. ज्यांच्या पणजोबांना ओटा नाकारला गेला होता, त्यांनी तरी कोणाला ओट्याखाली ठेवू नये.

एक गोष्ट आपल्या घरातली. वसईपासून पुण्यापर्यंत अनेक कॅथलिक कुटुंबांतील मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात. ती मराठी बोलतात, मराठी भजने गातात. पण वहीत वा मोबाइलवर भजन उतरवून घेतात ते रोमन अक्षरांत. स्टीफन्सनी मराठी रोमन अक्षरांत छापली ती खिळ्यांच्या अभावी; आपल्याकडे आज खिळ्यांची वाण नाही. म्हणजे वाचनकेंद्राची गरज केवळ पालावरच्या मुलाला नाही, फ्लॅटमधल्या मुलालाही आहे. दोघे एका सतरंजीवर बसले तर एकाला कथा मिळेल, दुसऱ्याला बाराखडी, आणि दोघांना एकमेकांची ओळख.

‘ख्रिस्तपुराणा’च्या १६१६, १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हस्तलिखिते जपली म्हणून आणि कोणीतरी ती वाचत राहिले म्हणून. १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ साल्ढाना यांनी तो पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये पुण्यात शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. त्या देवनागरी पुस्तकाला उद्या वाचक मिळायचा, तर तो आज कुठल्यातरी ओट्यावर, कोणाच्यातरी शेजारी बसून ‘क’ ला काना जोडीत असला पाहिजे. त्याच्या शेजारी बसायला आपल्या प्रत्येक धर्मग्रामातून एक माणूस निघाला, तरी पुरे आहे.